बारा नंबरला दिलेले गुण

४ मार्च, सोमवार

गुडघ्याने आज पुन्हा दगा दिला — तोही खुर्चीत बसून! सव्वीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरींना पळवलं, तेव्हा हूं की चूं केलं नाही. आता निवृत्त होऊन बसल्या जागेचं काम मिळालं तर कुरकुर सुरू.

कामाचा पहिला दिवस. बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम बनवणारं ऑफिस आहे. तिसरा मजला, जाड पडदे, भर दिवसा दिवे. मला एक खोली, एक खुर्ची, भिंतीएवढी स्क्रीन आणि हातात कंट्रोलर. सामना खेळायचा आणि संपला की प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण द्यायचे. चांगला खेळला का याचे नाही. खरा वाटला का, याचे. माझ्यासारखीच दुसऱ्या खोलीत आणखी एक व्यक्ती आहे, एक म्हातारे पंच. आयुष्यभर शिट्टी वाजवून आता तेही इथे. त्यांना मी पंचकाका म्हणायचं ठरवलंय.

काम समजावून देणारी मुलगी माझ्या शेवटच्या बॅचच्या पोरींएवढी. केस सतत डोळ्यांवर. मनातल्या मनात तिचं नाव झिपरी ठेवलं. ती मला ताई म्हणायला लागली. म्हटलं, बाई म्हण, सगळे बाईच म्हणतात. ताई म्हणणारा एकच होता.

तिने नियम सांगितले. शेवटचा असा — एखादा खेळाडू ओळखीच्या कुणासारखा वाटला तर त्याला गुण द्यायचे नाहीत, तिला कळवायचं. का, विचारलं तर म्हणाली, "नंतर सांगते बाई, घोळ होतो." बरं.

५ मार्च, मंगळवार

सामने सहा. सगळ्यांना तीन नि चार. यांचे खेळाडू घामाने थबथबतात, पण एकही घाम पुसत नाही! पडले की सगळे एकाच बाजूला पडतात. राखीव खेळाडू बाकावर बसून एका तालात टाळ्या वाजवतात, जशी पाहुण्यांसमोर बसवलेली बालवाडी. बाकावरचा खेळाडू टाळ्या वाजवत नसतो. आपल्या जागेवर खेळणाऱ्याचा पाय कधी मुरगळतो याची वाट बघत असतो. हे सगळं शेऱ्यात लिहिलं. झिपरी वाचून हसली.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. म्हणाले, "म्हणजे खेळायचं खोटं आणि मार्क खरेपणाचे." त्र्याऐंशी पूर्ण झाली तरी डोकं घड्याळासारखं चालतं. शेवटी आम्हा दोघा भावंडांना शिकवलेले कोच आहेत ते.

७ मार्च, गुरुवार

एक गोष्ट लिहून ठेवते.

आमच्या बाजूला बारा नंबर म्हणून एक राखीव पोरगा आहे. नाव नाही. चेहरा शेकडो चेहरे मिसळून यंत्रानेच केलेला, त्यामुळे कुणाचाच नाही. आज तो फ्री थ्रोला उभा राहिला. चेंडू तीनदा जमिनीवर आपटला, चौथ्यांदा अगदी हलका, आणि मग उजवा तळहात पँटला पुसला.

धाकटा असंच करायचा.

नऊ दिले. देऊन झाल्यावर नियम आठवला. पण चेंडू आपटायची सवय काय, जगात हजार जणांना असेल. एवढ्याशासाठी कोण सांगत बसणार?

११ मार्च, सोमवार

धाकटा जाऊन एकतीस वर्षं झाली. मी एकवीसची, तो सतराचा. चार दिवसांचा ताप, एवढंच कारण. मी तेव्हा दुसऱ्या शहरात, खेळाडूंच्या हॉस्टेलवर होते. पाचव्या दिवशी पोचले.

त्याच्या खेळण्याची एकही फिल्म नाही. फोटो एकच, संघाचा, आणि त्यातही पुढच्या मुलाच्या खांद्याआड अर्धा चेहरा. बाबांनी त्याचे बूट, चेंडू, प्रमाणपत्रं, सगळं देऊन टाकलं. आई होती तोवर ती कधीकधी त्याचं काही सांगायची आणि बाबा उठून बाहेर जायचे. आई गेली, तेही संपलं. आमच्या घरात त्याचा विषय निघत नाही. म्हणजे तो कसा खेळायचा हे आता फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि माझं डोकं बावन्न वर्षांचं आहे.

आज बारा नंबर डावा खांदा थोडा खाली पाडून पळाला.

१२ मार्च, मंगळवार

बारा नंबरला दहा.

१५ मार्च, शुक्रवार

रोज काहीतरी नवीन. बाकाच्या अगदी टोकाला बसतो. बुटाची नाडी सोडतो, पुन्हा बांधतो. बास्केट झाली की प्रेक्षकांत बघतो — तिसऱ्या ओळीत, मधोमध. घरी असले की त्याच्या सामन्याला मी तिसऱ्या ओळीत बसायचे. मला आठवतंय. बाकीच्या खेळाडूंना बघायचं मी विसरतेच, सगळ्यांना सरसकट पाच देऊन मोकळी होते.

जेवताना पंचकाका म्हणाले, "तो बारा नंबर बघितलात? मी दोन दिले."

का म्हणून विचारलं.

"तो पोरगा खेळत नाही हो. कुणाला तरी दाखवतोय."

डबा अर्धा तसाच बंद केला.

१८ मार्च, सोमवार

आज घाबरले. कबूल करायला काय जातं, इथे कोण वाचतंय?

दुपारची गोळी घ्यायला कंट्रोलर खाली ठेवला. खेळ थांबवला नाही तर बाकीचे खेळाडू आपले उगीच डुलत राहतात, कमरेवर हात, मान इकडे-तिकडे. बारा नंबर चालत पुढे आला. मैदानाच्या रेषेपर्यंत. चेंडू काखेत घेतला आणि स्क्रीनमधून सरळ बाहेर बघत उभा राहिला.

मी उठून दाराशी गेले. तो उभाच. पाच मिनिटं थांबून आले. उभाच! कुणी घ्यायला येणार असेल तसा.

झिपरीला बोलावलं. विचारलं, या स्क्रीनला कॅमेरा आहे का? म्हणाली, "नाही हो बाई. तो तुमच्याकडे बघत नाही." मग नीट बसून समजावलं. आम्ही दिलेल्या गुणांवर ते शिकतात. ज्या हालचालीला जास्त गुण ती पुन्हा करतात, जिला कमी ती सोडतात. खेळायचं थांबून आपण स्क्रीनवर कुणाला किती वेळ ठेवतो, तेही मोजलं जातं. "तुम्ही तो उभा असताना खूप वेळ बघितलं असणार. म्हणून तो आता उभा राहतो." मग म्हणाली, "म्हणून तर तो नियम आहे. ओळखीचं माणूस दिसायला लागलं की आपण त्यालाच गुण देत सुटतो, आणि हे यंत्र तेच माणूस करून दाखवतं."

मग केस बाजूला करून माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्हाला हा कुणासारखा वाटतो का?"

"छे," मी म्हटलं.

सव्वीस वर्षं पोरींना सांगितलं, पंचाशी खोटं बोलायचं नाही.

१९ मार्च, मंगळवार

झोप नीट नाही. पण भीती गेली आहे. भूत असतं तर काय केलं असतं कोण जाणे. भूत नाही म्हणते ती. माझ्याच आठवणीतून उतरतोय, एकेक गुणाने. मग त्यात वाईट काय? एकतीस वर्षांनी कुणीतरी त्याला पुन्हा पळू देतंय.

२१ मार्च, गुरुवार

आज आम्ही एका गुणाने हरलो. शिट्टी झाली आणि बारा नंबर मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसला. दोन्ही हात डोक्यामागे.

हे मला आठवत नव्हतं. त्याने केलं, आणि आठवलं. धाकटा हरला की असाच बसायचा, आणि बाबा ओरडायचे, ऊठ, लोकांना जायचंय. अगदी बाबांच्या आवाजासकट आठवलं.

पण मग एक विचार आला आणि तो जाईना. मला आधी आठवतं आणि मग तो करतो? की तो करतो आणि मग मला आठवतं? घरी येईपर्यंत हेच. बसमध्ये माझा थांबा चुकला.

२२ मार्च, शुक्रवार

मोठ्या साहेबांची सूचना आली. पुढच्या गुरुवारी गुण बंद. त्यानंतर गेम कायमचा पक्का होणार, कुणी हात लावायचा नाही. ज्या खेळाडूची दोघांची मिळून सरासरी सहाच्या खाली, तो बाद. पुसून टाकायचा.

माझे दहा आणि पंचकाकांचे दोन, म्हणजे बारा नंबर सहावर लटकलेला. काकांनी उद्या एक दिला की संपलं.

जेवायच्या सुट्टीत त्यांच्या खोलीत गेले. इकडचं तिकडचं बोलत बसले आणि मग एकदम सगळं सांगून टाकलं. धाकटा, ताप, हॉस्टेल. या माणसाला मी तीन आठवड्यांपूर्वी ओळखतही नव्हते. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"खोटे मार्क मी देणार नाही, बाई."

"मी मागितले नाहीत."

"मागायलाच आलात की." मग चष्मा पुसून पुन्हा चढवला. "एक करतो. त्याला मार्कच देत नाही. जुनेही काढून घेतो. मला त्यातलं कळत नाही असं लिहितो. मग तुमचेच धरतील."

मी त्यांचे आभार मानायला लागले तर हात वर केला. म्हणाले, चाळीस वर्षांत मी कधी शिट्टी गिळली नाही, आज गिळली. उगाच गोड बोलून आणखी लाजवू नका.

२६ मार्च, मंगळवार

बाबांना ऑफिसात न्यायचं ठरवलं आहे. झिपरीची परवानगी घेतली, घरच्यांना काम दाखवायचंय म्हणून.

हे बरोबर की चूक ठाऊक नाही. पण त्यांनी त्याला एकदा पळताना बघावं. मग त्यांनी माझ्यावर ओरडावं, उठून जावं, काहीही करावं. आपल्या पोराचं नाव एकतीस वर्षं गिळून बसलेला माणूस आहे तो. मला ते आता सहन होत नाही.

बाबांना एवढंच म्हटलं, एक खेळाडू दाखवायचा आहे. "डोळे तपासून घेतो आधी," म्हणाले.

२८ मार्च, गुरुवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

बाबा माझ्या खुर्चीत बसले. काठी मांडीवर आडवी. झिपरी मागे स्टुलावर. मी उभ्यानेच खेळले. बारा नंबरला सुरुवातीपासून मैदानात ठेवलं. पहिल्या पाच मिनिटांत बाबा पुढे सरकले, कोपर गुडघ्यांवर, जुने कोच. मी स्क्रीनकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते, दोन पास फुकट घालवले.

मध्यंतर झालं. बाबा म्हणाले, "हे तुझं खेळणं आहे."

मला वाटलं, मी कंट्रोलर चालवते म्हणून म्हणताहेत. म्हटलं, "माझं नाही, बारा नंबर बघा."

"त्यालाच बघतोय. तुझंच आहे. डावा खांदा पाडून पळायचीस, किती ओरडलो, ऐकलं नाहीस. फ्री थ्रोच्या आधी चेंडू चारदा आपटायचीस, शेवटचा हळू. बास्केट झाली की आईकडे बघायचीस. तिसऱ्या ओळीत बसायची ती."

मी कंट्रोलर खाली ठेवला.

"आणि हरलीस की मैदानात फतकल मारून बसायचीस. ऊठ, लोकांना जायचंय."

मी विचारलं, "मग धाकटा?"

बाबांसमोर तो शब्द मी एकतीस वर्षांनी उच्चारला. बाबा उठले नाहीत. काठीवरून बोट फिरवत राहिले.

"धाकटा डाव्या हाताने खेळायचा. आठवीत उजवं मनगट मोडलं, तीन महिने प्लास्टर. तेवढ्यात डावा हात असा तयार झाला की नंतर उजव्याने खेळेचना. तू हॉस्टेलला होतीस. आणि तो कुणाकडे बघायचा नाही. बास्केट झाली की मान खाली घालून मागे पळायचा. भारी लाजाळू. तुझ्यासारखा नव्हता."

मनगट मोडल्याचं आईने पत्रात लिहिलं होतं. वाचलं होतं. पुढे काय झालं ते विचारलंही नव्हतं, माझी तेव्हा निवड चाचणी होती.

म्हणजे तीन आठवडे मी दहा-दहा गुण कुणाला देत होते? त्याला विसरले होते, आणि रिकाम्या जागेत मी स्वतःच जाऊन बसले होते. लाज वाटते. लिहितानाही वाटते.

२९ मार्च, शुक्रवार

सकाळी झिपरीच्या टेबलाशी गेले. तिने काल सगळं ऐकलंच होतं. म्हटलं, बारा नंबर काढून टाक. नाहीतर मला आणखी महिनाभर दे, मी डाव्या हाताला गुण देते.

"काल सहा वाजता बंद झालं, बाई. आता माझ्याही हातात नाही." रागावली नव्हती. म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

तेवढ्यात मोठे साहेब आले, फार खुशीत. बाहेरच्या पन्नास लोकांना गेम दाखवला म्हणे. सगळ्यात खरा कोण वाटला, तर चाळीसजणांनी बारा नंबर सांगितला.

१ एप्रिल, सोमवार

काम संपलं. पण घरात एक नवल चालू आहे. बाबा बोलायला लागलेत! चहाला बसले की धाकट्याचं काहीतरी निघतं. मी मागच्या पानावर लिहून ठेवते. बूट एक नंबर मोठे घ्यायचा, मोजे दोन-दोन घालायचा. पास देताना जीभ दातांत धरायचा. पंचाने त्याच्याविरुद्ध फाउल दिला की पंचालाच सॉरी म्हणायचा. प्लास्टरवर सगळ्या संघाच्या सह्या होत्या आणि बाबांनी आपली सही केली नाही, हे त्याच्या मनाला लागलं होतं.

हे सांगताना बाबा रडले. मीही. बरं वाटलं.

४ एप्रिल, गुरुवार

दोन पानं भरली. डाव्या हाताचं तीन वेळा लिहिलं गेलंय. असू दे.

१९ एप्रिल, शुक्रवार

ऑफिसकडून पार्सल आलं. गेम, यंत्र, दोन कंट्रोलर, आभाराचं पत्र. खोक्यावर जी चित्रं आहेत त्यात बारा नंबर मधोमध. पार्सल तसंच कपाटात टाकलं.

बाबांनी बघितलंच. "लाव की."

"कशाला?"

"तुझं खेळणं बघतो."

माझी निवृत्ती झाली तेव्हाही मला असं कुणी काही म्हणालं नव्हतं. लावून दिलं.

२ मे, गुरुवार

बाबांची दुपारची झोप गेली. जेवले की स्क्रीनसमोर. बटणं शिकले — त्र्याऐंशीव्या वर्षी! स्वयंपाकघरात ऐकू येतं, "खांदा वर! खांदा वर कर, पोरी!" शेजारीण विचारत होती, कुणाला शिकवणी सुरू केली का. हसून पोट दुखलं.

एक आहे. चहाला बसतात तेव्हा लक्ष तिकडेच असतं. पाच-सहा दिवसांत धाकट्याचं नवीन काही सांगितलं नाही. मागचं पान अर्धं रिकामं आहे. काल विचारलं तर म्हणाले, "सांगतो, हा सामना होऊ दे."

११ मे, शनिवार

आज खांद्यावरून एकदाही ओरडले नाहीत. शांत बसून कौतुकाने बघत होते.

१५ मे, बुधवार

दोन दिवस यंत्राची तार काढून ठेवली. बिघडलंय म्हणून सांगितलं. बाबा जेवले नाहीत धड. बंद स्क्रीनसमोर तासभर बसले. वाईट वाटलं, जोडून दिली. सुरू झाल्याबरोबर बारा नंबर रेषेपर्यंत चालत आला आणि उभा राहिला. बाबांनी हात वर केला, दुरून कुणी ओळखीचं दिसल्यावर करतात तसा.

२० मे, सोमवार

चहा देताना बाबांना सहज विचारलं, धाकटा कुठल्या हाताने खेळायचा?

"उजव्या," म्हणाले. नजर स्क्रीनवरच. "असं काय विचारतेस? रोज तर बघतोय आपण त्याला."